आजारी आई-वडिलांसाठी शुश्रूषा केंद्र निवडताना काय तपासावे?

पक्षाघातानंतर एक बाजू लुळी पडलेले वडील, खुब्याचे हाड मोडल्यावर पुन्हा उभी न राहिलेली आई, स्मृतिभ्रंशामुळे रात्री घराबाहेर निघून जाणारे सासरे. अशा रुग्णाला रुग्णालयातून सुट्टी मिळते, पण घरी चोवीस तास सांभाळणारे कोणी नसते. मुले नोकरीला किंवा परदेशी असतात आणि घरातली दुसरी वडीलधारी व्यक्तीही सत्तरी ओलांडलेली असते. मग दोन-चार दिवसांत एखादे केंद्र शोधावे लागते. या घाईत बहुतेक नातेवाईक इमारत, खोली, परिसर आणि महिन्याचे शुल्क पाहून निर्णय घेतात.

इमारत चांगली असणे वाईट नाही. पण अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला सांभाळतात ती माणसे. केंद्राचा खरा दर्जा दोन ठिकाणी दिसतो: तिथल्या सर्वांत परावलंबी रुग्णाच्या अंगावर आणि रात्रपाळीच्या हजेरीपटात. या दोन गोष्टी कशा तपासायच्या, सोबत आणखी काय विचारायचे आणि रुग्णाला ठेवल्यानंतर कशावर लक्ष ठेवायचे, हे या लेखात पाहू.

हा लेख कोणत्या केंद्रांबद्दल आहे?

महाराष्ट्रात ‘नर्सिंग होम’ म्हटले की आपल्याला डॉक्टरांचे छोटे खासगी रुग्णालय आठवते. अमेरिका-इंग्लंडमध्ये मात्र दीर्घकाळ शुश्रूषा लागणाऱ्या वृद्धांच्या निवासाला नर्सिंग होम म्हणतात. हा लेख या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. आपल्याकडे त्याला शुश्रूषा केंद्र, केअर सेंटर, केअर होम अशी नावे आहेत.

वृद्धाश्रम आणि शुश्रूषा केंद्र यांतला फरकही लक्षात घ्या. वृद्धाश्रमात साधारणपणे स्वतःचे स्वतः आवरू शकणारे ज्येष्ठ राहतात. नाकातल्या नळीतून आहार, लघवीची नळी, इन्सुलिन, जखमेचे ड्रेसिंग किंवा दर दोन तासांनी कूस बदलणे यांपैकी काही लागत असेल, तर शुश्रूषेचे प्रशिक्षण घेतलेली माणसे चोवीस तास हवीत. “आमच्याकडे सगळे पेशंट घेतो,” असे फोनवरच सांगणाऱ्या केंद्राला पुढचे प्रश्न अधिक बारकाईने विचारा.

पहिली पायरी: रुग्णाची गरज कागदावर लिहा

केंद्र पाहायला जाण्याआधी डिस्चार्ज कार्ड समोर ठेवून उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोला आणि पुढील गोष्टी लिहून काढा.

- रुग्ण स्वतः कूस बदलू शकतो का? बसू, उभा राहू, चालू शकतो का?
- तोंडाने जेवतो का? गिळताना ठसका लागतो का?
- लघवी-शौचावर ताबा आहे का?
- दिवसातून किती वेळा आणि कोणती औषधे लागतात? इन्सुलिन किंवा रक्त पातळ करणारी औषधे सुरू आहेत का?
- गोंधळ, भास, रात्री उठून फिरणे, चिडचिड आहे का?
- अंगावर आत्ता कुठे जखम आहे का? असल्यास तारखेसह फोटो काढून ठेवा. जखम आधीची की नंतरची, हा वाद त्यामुळे टळतो.

ही यादी केंद्राच्या प्रमुखांना दाखवा आणि प्रत्येक गोष्ट तिथे कोण करणार, हे विचारा. “बघतो आम्ही सगळं,” हे उत्तर पुरेसे नाही. “इन्सुलिन सिस्टर देतात, सकाळी आठ आणि रात्री आठ, त्याआधी शुगर तपासतात आणि इथे लिहितात,” असे उत्तर मिळायला हवे.

कागदपत्रे: काय मागावे, त्यातून काय कळते?

आजारी किंवा दुर्बल व्यक्तींना ठेवून उपचार आणि शुश्रूषा देणाऱ्या जागेसाठी राज्यात महाराष्ट्र नर्सिंग होम्स नोंदणी अधिनियम, १९४९ हा कायदा आहे. नोंदणीचे काम शहरात महापालिकेचा आरोग्य विभाग पाहतो. केंद्राकडे ही नोंदणी आहे का आणि तिची मुदत संपलेली नाही ना, ते पाहा. काही केंद्रे फक्त ट्रस्टची नोंदणी किंवा शॉप ॲक्टचा दाखला दाखवतात. संस्था कागदोपत्री अस्तित्वात आहे एवढेच त्यातून कळते. तिथल्या शुश्रूषेची कुणी तपासणी केली आहे, असा त्याचा अर्थ होत नाही.

कर्मचाऱ्यांबद्दलही स्पष्ट विचारा. पांढरा किंवा निळा गणवेश घातलेली प्रत्येक व्यक्ती ‘सिस्टर’ नसते. परिचारिकेचे शिक्षण एएनएम (दोन वर्षे), जीएनएम (तीन वर्षे) किंवा बी.एससी. नर्सिंग (चार वर्षे) असे असते आणि तिची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. अंघोळ घालणे, भरवणे, डायपर बदलणे ही कामे बहुतेक ठिकाणी मावशी आणि मामा करतात. त्यांचे काम अतिशय मोलाचे आहे. मात्र इंजेक्शन देणे, नाकातली नळी घालणे, औषधाचा डोस बदलणे ही कामे त्यांच्यावर सोपवलेली नसावीत. एजन्सीकडून आलेल्या कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी झाली आहे का, हेही विचारा.

परदेशातल्या मुलांसाठी एक सूचना. अमेरिकेत २००८ पासून नर्सिंग होमना सरकारी संकेतस्थळावर एक ते पाच तारे दिले जातात आणि तपासणीचे अहवालही पाहता येतात. आपल्याकडे केंद्रांची अशी सरकारी तारांकित यादी नाही. गूगलवरचे तारे कोण देते आणि का, ते सांगता येत नाही. त्यामुळे इथे राहणाऱ्या कुणातरी विश्वासू माणसाने प्रत्यक्ष जाऊन पाहणे, याला पर्याय नाही.

रात्री किती माणसे असतात?

“तुमच्याकडे स्टाफ किती आहे?” असा प्रश्न विचारू नका. उत्तरात स्वयंपाकी, चौकीदार आणि सुट्टीवर असलेलेही धरले जातात. प्रश्न असा विचारा: “काल रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत रुग्णांजवळ किती जण जागे होते? त्यांत परिचारिका किती? आणि त्या वेळी एकूण रुग्ण किती, पूर्ण झोपून असलेले किती?”

हे आकडे मिळाले की घरीच एक साधे गणित करता येते. समजा केंद्रात ३० रुग्ण आहेत आणि त्यांतले १२ स्वतः कूस बदलू शकत नाहीत. रात्रीच्या आठ तासांत दर दोन तासांनी म्हणजे प्रत्येकाची चार वेळा कूस बदलायला हवी. एकूण ४८ वेळा. कूस बदलणे, चादर सरळ करणे, डायपर पाहून गरजेप्रमाणे बदलणे याला दोन माणसांना मिळून दहा मिनिटे धरा. ४८ गुणिले १० म्हणजे ४८० मिनिटे, म्हणजेच पूर्ण आठ तास.

याचा अर्थ असा की रात्री दोनच माणसे असतील, तर ती एक क्षणही न थांबता फक्त कूस बदलण्याचे काम करत राहतील. मग उरलेल्या १८ जणांपैकी कुणी बाथरूमला जायला उठले, कुणाला धाप लागली, कुणी हाक मारली, तर जायला कोणीच नाही. प्रत्यक्षात अशा ठिकाणी कूस बदललीच जात नाही, हे समजून घ्यावे.

तुमच्या केंद्राचे आकडे घालून हेच गणित करा. ते जुळत नसेल तर प्रमुखांना शांतपणे विचारा. चांगले केंद्र चालवणाऱ्याने हा विचार आधीच केलेला असतो आणि काही रुग्णांसाठी हवेची गादी वापरून वेळ कसा वाढवला आहे, रात्री किती वाजता कोण फेरी मारतो, हे तो सांगू शकतो.

अंगावर दिसणारा दर्जा

एकाच जागी सतत दाब पडला की तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि त्वचा व खालचे मांस मरू लागते. यालाच बेडसोअर म्हणतात. माकडहाड, खुबा, टाचा, कोपर आणि डोक्याची मागची बाजू या त्याच्या नेहमीच्या जागा. सुरुवात काही तासांतही होऊ शकते, जखम भरायला मात्र महिने लागतात. जंतुसंसर्ग रक्तात पसरला तर जिवावर बेतते.

केंद्रात विचारा: “सध्या किती रुग्णांना बेडसोअर आहेत? किती जण जखम घेऊनच आले आणि किती जणांना इथे आल्यावर झाल्या?” खूप दुर्बल रुग्णाला चांगली काळजी घेऊनही कधी कधी जखम होते. त्यामुळे “दोघांना आहेत, एक रुग्णालयातून घेऊन आले, दुसऱ्यांना मागच्या महिन्यात झाली, रोज ड्रेसिंग चालू आहे,” असे उत्तर देणारे केंद्र विश्वासार्ह समजावे. अनेक रुग्ण झोपून असताना “आमच्याकडे कुणालाच नाही,” असे कोणी सांगितले, तर कूस बदलल्याची नोंदवही दाखवायला सांगा. त्यात आठवडाभराच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात असतील, तर त्या एका बैठकीत भरलेल्या असण्याची शक्यता आहे.

इतर रुग्णांच्या अंगावरचे पांघरूण काढून पाहणे योग्य नाही. पण दारातून जाताना पुढील गोष्टी सहज दिसतात.

- ओठ आणि जीभ कोरडी, पांढरी आहे का? तोंडाची स्वच्छता होत नसल्याची ही खूण आहे.
- नखे वाढलेली, आत मळ आहे का? दाढी, केस कसे आहेत?
- लघवीची पिशवी कुठे आहे? ती मूत्राशयाच्या पातळीखाली लटकलेली असावी, पण जमिनीवर टेकलेली नसावी.
- नळीतून आहार देताना रुग्णाला डोक्याकडून उंच केले आहे का? आहार देताना आणि त्यानंतर निदान अर्धा ते एक तास डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी. सपाट झोपवून आहार दिल्यास तो फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.
- अंग पुसताना किंवा कपडे बदलताना पडदा ओढतात का? स्त्री रुग्णांसाठी स्त्री कर्मचारीच असतात का?
- लघवीचा वास येतो का? एखाद्या खोलीत थोडा वेळ येणे साहजिक आहे. सगळ्या मजल्यावर सतत येत असेल तर डायपर वेळेवर बदलले जात नाहीत. फिनेल किंवा सुगंधी फवाऱ्याचा उग्र वास असेल तर दुपारी जेवणानंतर पुन्हा एक फेरी मारा.

शेवटी, एका रुग्णाला हात लावून दुसऱ्याकडे जाताना कर्मचारी हात धुतात का किंवा सॅनिटायझर लावतात का, हे दहा मिनिटे एका जागी बसून पाहा.

औषधे: दोन धोके

बहुतेक वृद्धांना दिवसाला पाच-सहा गोळ्या असतात. प्रत्येक रुग्णाचा स्वतंत्र औषध तक्ता हवा. त्यात औषधाचे नाव, डोस, वेळ आणि देणाऱ्याची सही असावी. सगळ्यांच्या गोळ्या एका ताटात काढून आठवणीने वाटल्या जात असतील, तर तिथे चूक होणारच.

पहिला धोका इन्सुलिनचा. इन्सुलिन दिले आणि रुग्ण जेवलाच नाही, तर साखर झपाट्याने खाली येते. बोलता न येणारा रुग्ण ते सांगू शकत नाही. तो नुसता घामाने ओला होतो, सुस्त पडतो किंवा बडबडतो. “पेशंट जेवला नाही तर इन्सुलिनचे काय करता?” हा प्रश्न सिस्टरना विचारा. मालकाला किंवा व्यवस्थापकाला नको.

दुसरा धोका झोपेच्या आणि शांत ठेवणाऱ्या औषधांचा. रात्री ओरडणाऱ्या, फिरणाऱ्या रुग्णाला गोळी देऊन झोपवणे कमी माणसांत सोयीचे असते. पण अशा औषधांनी वृद्ध पडतात, गिळताना अन्न श्वासनलिकेत जाते, दिवसभर गुंगीत राहतात. मानसिक आजारासाठीच्या काही औषधांमुळे स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचे प्रमाण वाढते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. ही औषधे कधीच देऊ नयेत असे नाही. काही वेळा ती लागतात. पण डॉक्टरांनी तपासून, कारण लिहून, कमीत कमी डोसमध्ये दिलेली असावीत आणि दर काही आठवड्यांनी त्यांची गरज पुन्हा तपासली जावी. सकाळी अकरा वाजता हॉलमधले बहुतेक रुग्ण मान टाकून झोपलेले दिसले, तर कारण विचारा.

बांधून ठेवणे आणि पडणे

“नळी ओढून काढतात म्हणून हात बांधतो,” “पडू नयेत म्हणून खुर्चीला बांधतो,” अशी कारणे दिली जातात. बांधल्याने रुग्ण सुरक्षित होतो हा समज चुकीचा आहे. त्याची घालमेल वाढते, सुटण्याच्या धडपडीत तो अधिक जोरात पडतो, पट्ट्यात अडकून गुदमरू शकतो, बेडसोअर होतात, स्नायू आखडतात. केंद्राचे याबद्दल लेखी धोरण आहे का ते विचारा. नातेवाइकांना न कळवता बांधणार नाही, हे दाखल करतानाच लिहून घ्या.

पडण्याचा धोका कमी करण्याचे उपाय साधे असतात: पलंगाची उंची कमी, बाथरूममध्ये धरायला दांडे, न घसरणारी फरशी, रात्री मंद दिवा, हाताशी घंटी आणि ठरलेल्या वेळी स्वतःहून बाथरूमला नेणे. घंटी वाजवून पाहा आणि किती मिनिटांत कोण येते ते मोजा.

रक्त पातळ करणारी औषधे घेणारा रुग्ण पडला आणि डोक्याला मार लागला, तर तो ठीक दिसत असला तरी त्याला लगेच रुग्णालयात नेऊन डॉक्टरांना दाखवायला हवे. डोक्याच्या सीटी स्कॅनची गरज भासू शकते. रुग्ण पडल्यास तुम्हाला तासाभरात फोन यावा, असे ठरवून घ्या.

जेवण, पाणी आणि वजन

जेवणाच्या वेळी मुद्दाम जा. तक्त्यावर काय लिहिले आहे यापेक्षा ताटात किती उरते, ते पाहा. भरवणारी व्यक्ती रुग्णाजवळ बसून, घास गिळल्याची खात्री करून पुढचा घास देते का? की एकाच वेळी तिघांना उभ्याने भरवते? गिळायला त्रास असलेल्याला पातळ पाणी न देता दाट पेय देतात का? कवळी लावतात का?

केंद्राने दर महिन्याला वजन करून लिहावे. महिन्याभरात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन घटणे ही गंभीर बाब आहे. म्हणजे ६० किलोच्या आईचे वजन महिन्यात तीन किलोने कमी झाले, तर “वय झालं,” म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा.

आग लागली तर?

भंडारा जिल्हा रुग्णालयात जानेवारी २०२१ मध्ये लागलेल्या आगीत दहा नवजात बाळे दगावली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता कक्षातले रुग्ण आगीत मृत्युमुखी पडले. दोन्ही ठिकाणी बळी गेले ते स्वतः उठून बाहेर पडू न शकणाऱ्यांचे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांची स्थिती तीच असते.

महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार इमारतीतली अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून घ्यावे लागते. ते मागा. याशिवाय स्वतः पाहा: दुसरा जिना आहे का आणि तो सामानाने भरलेला तर नाही? पलंग किंवा स्ट्रेचर दारातून जातो का? खिडक्यांच्या ग्रिलला उघडणारा भाग आहे का? रात्री मुख्य दाराला कुलूप असते, तर किल्ली कुणाकडे असते? चालू न शकणारे रुग्ण शक्यतो तळमजल्यावर असावेत.

अचानक बिघडल्यास आणि पैशांबाबत

पुढील गोष्टी दाखल करण्याआधीच लेखी ठरवा.

- डॉक्टर किती दिवसांनी येतात, रात्री फोनवर कोण उपलब्ध असते?
- ऑक्सिजन, सक्शन यंत्र, ग्लुकोमीटर आहे का? चालू करून दाखवायला सांगा.
- जवळचे कोणते रुग्णालय, रुग्णवाहिका किती वेळात येते, रुग्णालयात सोबत कोण थांबते?
- रात्री मृत्यू झाल्यास मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र कोणते डॉक्टर देतात? हे विचारायला जड जाते, पण विचारा.
- शुल्कात काय येते आणि काय वेगळे: डायपर, औषधे, ड्रेसिंग, फिजिओथेरपी, हवेची गादी, डॉक्टरांची भेट?
- रुग्णालयात असताना केंद्राचे पैसे द्यावे लागतात का? अनामत रक्कम कधी आणि किती परत मिळते?
- भेटीच्या वेळा कोणत्या? पूर्वसूचना न देता येण्यास मनाई असेल, तर ते केंद्र टाळलेले बरे.

दाखल केल्यानंतरचे पहिले महिने

केंद्र निवडले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे होत नाही. ज्या रुग्णाकडे कुणी ना कुणी येत असते, त्याच्याकडे कर्मचाऱ्यांचे लक्ष राहते, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोनदा, वेगवेगळ्या वेळी जा. एकदा रात्री नऊनंतर आणि एकदा रविवारी जा, कारण सुट्टीच्या दिवशी माणसे कमी असतात.

प्रत्येक भेटीत स्वतः पाठ, माकडहाड आणि टाचा पाहा. लाल जागेवर बोटाने दाबा. बोट काढल्यावरही ती पांढुरकी न होता तशीच लाल राहिली, तर बेडसोअरची सुरुवात आहे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे आजूबाजूपेक्षा गडद, गरम, टणक किंवा दुखरी जागा शोधा. अशा जागेवर चोळणे, स्पिरिट किंवा पावडर लावणे आणि खाली हवेची रिंग ठेवणे या तिन्ही जुन्या सवयी हानिकारक आहेत. त्या जागेवरचा दाब काढणे हाच उपाय. हवेची गादी असली तरी कूस बदलावीच लागते.

तुम्ही परदेशात असाल तर व्हिडिओ कॉलवर फक्त चेहरा पाहू नका. आठवड्यातून एकदा सिस्टरना टाचा आणि पाठ दाखवायला सांगा. वजन, बीपी, शुगर आणि औषध तक्त्याचा फोटो मागवा. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस डॉक्टरांच्या सल्ल्याने दिली आहे ना, तेही विचारा.

“आई रोज घरी ने म्हणते”

हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो, आणि विचारताना बहुतेकांचा आवाज भरून येतो. सुरुवातीचे काही आठवडे नवी जागा परकी वाटते आणि घरची ओढ लागते, हे स्वाभाविक आहे. तिची उशी, गोधडी, देवाचा फोटो, नेहमीचा चहाचा कप सोबत द्या. तिला काय आवडते, कोणत्या नावाने हाक मारलेली चालते, हे मावशींना लिहून द्या.

पण ओढ आणि भीती यांत फरक करा. एखादी विशिष्ट व्यक्ती खोलीत आली की रुग्ण गप्प होतो, अंग चोरतो, हात वर घेतो. दंडावर किंवा मनगटावर बोटांचे किंवा पट्ट्याचे वण दिसतात. तुम्हाला एकट्याने बोलू दिले जात नाही. असे काही दिसले तर ते गांभीर्याने घ्या.

केंद्रात ठेवले म्हणजे आई-वडिलांना टाकले, असे नातेवाईक बोलतात. ज्या रुग्णाला दोन माणसांनी मिळून उचलावे लागते, त्याला एकट्या थकलेल्या माणसाने घरी सांभाळल्यास दोघेही आजारी पडतात. योग्य केंद्र शोधणे आणि तिथे जात राहणे हीसुद्धा सेवाच आहे.

लगेच रुग्णालयात केव्हा न्यावे?

- एक-दोन दिवसांत अचानक वाढलेला गोंधळ, बडबड किंवा सुस्ती. याचे कारण लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, साखर किंवा सोडियम कमी होणे असे असू शकते. “म्हातारपण आहे,” म्हणून थांबू नका.
- धाप, ताप आणि थंडी वाजणे, छातीत दुखणे
- तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे
- लघवी फार कमी होणे किंवा थांबणे
- जखमेतून पू, दुर्गंधी किंवा जखम काळी पडणे
- पडल्यावर डोक्याला मार किंवा खुब्यात दुखणे

तक्रार कुठे करावी?

आधी प्रमुखांशी बोला आणि बोललेले त्याच दिवशी व्हॉट्सॲप किंवा ईमेलवर लिहून पाठवा. सुधारणा झाली नाही तर नोंदणी देणाऱ्या आरोग्य विभागाकडे लेखी तक्रार करा. शुल्क घेऊन सेवा दिली जात असल्याने जिल्हा ग्राहक आयोगाकडेही जाता येते. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन सकाळी आठ ते रात्री आठ चालू असते. मारहाण किंवा जिवाला धोका असेल तर ११२ वर पोलिसांना कळवा आणि रुग्णाला आधी तिथून हलवा.

केंद्र पाहायला जाताना सोबत न्यायची यादी

१. नोंदणी आणि फॉर्म बी, दोन्हींच्या मुदती
२. काल रात्री जागी असलेली माणसे, परिचारिका आणि झोपून असलेले रुग्ण यांचे आकडे
३. बेडसोअर असलेले रुग्ण आणि कूस बदलल्याची नोंदवही
४. औषध तक्ता आणि इन्सुलिनचा प्रश्न
५. झोपेची औषधे आणि बांधण्याबद्दलचे धोरण
६. जेवणाच्या वेळची एक फेरी
७. घंटी वाजवून मोजलेली मिनिटे
८. डॉक्टर, रुग्णालय, रुग्णवाहिका
९. शुल्क, जादा खर्च, अनामत
१०. न कळवता भेटायला येण्याची परवानगी

शक्य असेल तर निदान दोन केंद्रे पाहा आणि ठरवलेल्या केंद्रात एकदा रात्री जाऊन या. मगच अनामत रक्कम भरा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या रुग्णाला नेमकी कोणती शुश्रूषा लागेल, हे त्याच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.